ईमॅक्स संपादकातील लिस्प इंटरप्रिटरच्या कचरा-संकलनाची पुनर्रचना : एक विवेचन

गोषवारा

संगणकीय आज्ञावलीने वापरून सोडून दिलेली स्मृती आपोआप परत मिळविण्याच्या क्रियेस 'गार्बेज कलेक्शन' अर्थात कचरा-संकलन असे म्हणतात. या कल्पनेचा उगम लिस्प या भाषेत १९६० च्या सुमारास झाला. ग्नू ईमॅक्स हा मजकूर-संपादक लिस्पच्याच इंटरप्रिटरवर उभा असून त्यातील कचरा-संकलनाची मूळ पद्धत चार दशके बव्हंशी तीच राहिली. २०२४ मध्ये तिच्या पुनर्रचनेचे काम हाती घेण्यात आले. प्रस्तुत लेखात जुन्या पद्धतीचे कार्य, तिच्या मर्यादा, नव्या रचनेची तत्त्वे व त्या मार्गातील अडचणी यांचे विवेचन केले आहे. तसेच याच प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहणाऱ्या, मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधनाचा परामर्श घेतला आहे.

बीजशब्द : लिस्प, ईमॅक्स, स्मृती-व्यवस्थापन, कचरा-संकलन, पोहोच, उपयुक्तता.

१. प्रस्तावना

प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वर्षअखेरीस ग्रंथपडताळणी होते. त्या काळात देवघेव बंद असते. दाखलनोंदवही समोर ठेवून एकेक ग्रंथ तपासला जातो आणि जे ग्रंथ वापरण्याजोगे उरलेले नाहीत त्यांचे निर्लेखन होऊन कपाटातील जागा मोकळी होते. हे काम आवश्यक असते याविषयी दुमत नाही. तथापि ग्रंथालय बंद असताना परीक्षेच्या तोंडावर आलेल्या विद्यार्थ्याला त्या आवश्यकतेचे समाधान वाटत नाही. त्याला पुस्तक हवे असते आणि दार बंद असते.

संगणकाच्या स्मृतीची, म्हणजेच मेमरीची, स्थिती याहून वेगळी नाही. आज्ञावली चालू असताना क्षणोक्षणी नव्या वस्तू निर्माण करते. त्यांपैकी बहुतेकांचे काम क्षणार्धात संपते. त्यांनी अडविलेली जागा परत मिळविली नाही तर स्मृती भरून जाईल. आणि ती परत मिळविण्यासाठी काम थांबविले तर समोर बसलेल्या माणसाचा खोळंबा होईल. या दोहोंमधील तोल कसा साधावा, हा गेली साठ-पासष्ट वर्षे संगणकशास्त्राने अभ्यासलेला प्रश्न होय.

आपल्याकडील पदवी अभ्यासक्रमात विद्यार्थी बहुधा प्रथम सी भाषा शिकतो. तेथे स्मृती मागणे आणि ती परत करणे या दोन्ही क्रिया प्रोग्रामरने स्वतः करावयाच्या असतात. पुढे जावा वा पायथन शिकताना 'आता हे आपोआप होते' एवढे एक वाक्य सांगून शिक्षक पुढे जातो. 'आपोआप' या शब्दाआड नेमके काय घडते, हे समजून घेण्यासाठी ईमॅक्सइतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. त्याचा संपूर्ण मूलसंकेत खुला आहे, त्याच्या बदलांचा इतिहास उपलब्ध आहे आणि तो संगणक प्रयोगशाळेत विनामूल्य बसविता येतो.

२. उद्दिष्टे

(१) कचरा-संकलनाची संकल्पना व तिचा ऐतिहासिक विकास थोडक्यात मांडणे.
(२) ईमॅक्समधील प्रचलित पद्धतीचे कार्य व मर्यादा स्पष्ट करणे.
(३) २०२४ मध्ये सुरू झालेल्या पुनर्रचनेमागील तत्त्वे व अडचणी समजावून घेणे.
(४) मुंबई येथील संबंधित संशोधनाचा या प्रश्नाशी असलेला संबंध तपासणे.

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

३. संकल्पनेचा उगम व विकास

जॉन मॅकार्थी यांनी एप्रिल १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात लिस्प भाषेची मांडणी केली. आयबीएम ७०४ या यंत्रावर ही भाषा राबविताना त्यांच्यासमोर एक व्यावहारिक अडचण होती. लिस्पमध्ये सर्व माहिती 'कॉन्स' नावाच्या जोडघरांतून साठविली जाते. प्रत्येक जोडघराला दोन कप्पे असतात. पहिला कप्पा 'कार' व दुसरा 'कुडर' या नावाने ओळखला जातो. या जोडघरांच्या साखळ्यांतून याद्या तयार होतात. एकच साखळी अनेक याद्यांत सामायिक असू शकते. अशा वेळी एखादे घर आता कोणाच्याही उपयोगाचे नाही, हे प्रोग्रामरने कसे ओळखावे?

मॅकार्थींचे उत्तर सोपे होते. मोकळी घरे संपेपर्यंत काहीच करू नये. ती संपली की आज्ञावली थांबवावी. ज्या मोजक्या ठिकाणांपासून आज्ञावली माहितीपर्यंत पोहोचते त्या 'मुळां'पासून निघून जेथवर पोहोचता येईल त्या प्रत्येक घरावर खूण करावी. नंतर सर्व स्मृती एकदा फिरून पाहावी आणि खूण नसलेली घरे मोकळ्या घरांच्या यादीत जमा करावीत. खूण आणि झाडलोट अशा दोन टप्प्यांची ही पद्धत आजही 'मार्क अँड स्वीप' या नावाने शिकविली जाते. उल्लेखनीय बाब अशी की, त्या शोधनिबंधात 'कचरा-संकलन' हा शब्द आलेला नाही, जरी मॅकार्थींच्या सहकाऱ्यांत तो तेव्हाच रूढ झाला होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस जॉर्ज कॉलिन्स यांनी दुसरा मार्ग सुचविला. प्रत्येक घराजवळ त्याच्याकडे येणाऱ्या संदर्भांची संख्या ठेवावी व ती शून्य होताच घर मोकळे करावे. हा मार्ग काम थांबवीत नाही, परंतु दोन घरे परस्परांकडे बोट दाखवीत असतील तर बाहेरून त्यांना कोणीही विचारीत नसतानाही त्यांची संख्या शून्य होत नाही. सबब चक्राकार रचना कायम अडकून राहतात.

पुढील काळात तीन महत्त्वाच्या कल्पना पुढे आल्या. १९७८ मध्ये डाइक्स्ट्रा, लॅम्पोर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी आज्ञावली चालू असतानाच संकलन करण्याची पद्धत मांडली. १९८३ मध्ये लिबरमन व ह्युइट यांनी वस्तूंच्या वयानुसार संकलन करावे असे सुचविले. १९८८ मध्ये जोएल बार्टलेट यांनी, सगळेच संदर्भ निश्चितपणे ओळखता येत नसतानाही बहुतेक वस्तू हलविता येतात, हे दाखवून दिले. ईमॅक्सच्या नव्या रचनेत या तिन्ही कल्पना एकत्र येतात.

४. ईमॅक्स आणि त्यातील प्रचलित पद्धत

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८४ मध्ये ग्नू ईमॅक्सच्या लेखनास आरंभ केला व १९८५ मध्ये तो जनतेस उपलब्ध झाला. त्याचा गाभा सी भाषेत आहे. हा गाभा म्हणजे मुख्यतः एक लिस्प इंटरप्रिटर होय. संपादकाची बहुतांश कार्ये लिस्पमध्येच लिहिलेली आहेत. वापरकर्ता जी कळ दाबतो तिचा अर्थ लिस्पमधून ठरतो. त्यामुळे ओळ रंगविणे, शब्द शोधणे, कंस जुळविणे अशा प्रत्येक क्रियेत नव्या लिस्प वस्तू निर्माण होत राहतात.

देवनागरी मजकुराचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. 'क्षेत्र' वा 'स्त्री' असा जोडाक्षरयुक्त शब्द पडद्यावर दाखवावयाचा तर वर्णांच्या संकेतांवरून अक्षराकृती ठरवाव्या लागतात. २०२० मधील २७.१ या आवृत्तीपासून हे काम हार्फबझ या ग्रंथिकेच्या साहाय्याने होऊ शकते. त्या आकृतींची मांडणी ईमॅक्समध्ये लिस्प सदिशाच्या स्वरूपात ठेवली जाते व पुन्हा उपयोगी पडावी म्हणून राखून ठेवली जाते. साध्या रोमन मजकुरास सामान्यतः या मार्गाने जावे लागत नाही. म्हणजे मराठी मजकूर संपादित करणारा वापरकर्ता कचरा-संकलनाच्या कामात थोडी अधिक भर घालतो, असे म्हणता येईल.

प्रचलित संकलक मॅकार्थींच्याच पद्धतीचा आहे. तो सारे काम थांबवितो, खूण करतो आणि झाडलोट करतो. संकलन केव्हा करावयाचे, हे दोन मर्यादांवरून ठरते. 'जीसी-कॉन्स-थ्रेशोल्ड' या चलाचे मूळ मूल्य ६४-बिट यंत्रावर ८,००,००० बाइट आहे. 'जीसी-कॉन्स-पर्सेंटेज' या चलाचे मूळ मूल्य ०.१ म्हणजे १० टक्के आहे. या दोहोंपैकी जी मर्यादा मोठी, तितकी नवी निर्मिती झाली की संकलनाची वेळ येते.

आकड्यांत सांगावयाचे तर, ६४-बिट यंत्रावर एक कॉन्स १६ बाइट घेतो. म्हणून ८,००,००० बाइट म्हणजे ५०,००० कॉन्स. लहान प्रमाणावर ही मर्यादा पुरेशी आहे. आता समजा, एखाद्या संशोधकाने अनेक मोठे दस्तऐवज उघडले असून २० कोटी बाइट इतक्या वस्तू वापरात आहेत. तेव्हा दुसरी मर्यादा लागू होते आणि दर २ कोटी बाइट नव्या निर्मितीनंतर संकलन होते. परंतु प्रत्येक संकलनात २० कोटी बाइटच्या सर्व जिवंत वस्तूंवर पुन्हा पहिल्यापासून खूण करावी लागते. दुसऱ्या शब्दांत, नव्या १ बाइटसाठी जुन्या १० बाइटांची पडताळणी. शिवाय हे सर्व एकाच दमात होते. माणसाला सुमारे एक दशांश सेकंदाहून अधिक विलंब जाणवू लागतो. लिहिणाऱ्याच्या हाताची लय मोडते ती नेमकी येथे.

यावर अनेक वापरकर्ते पहिली मर्यादा फार मोठी करून ठेवतात. त्यामुळे संकलन क्वचित होते हे खरे. मात्र प्रत्येक वेळी झाडलोटीचे क्षेत्र वाढते आणि अल्प स्मृतीच्या यंत्रावर अन्य कामांना जागा कमी पडते. ग्रंथपडताळणी दरवर्षीऐवजी पाच वर्षांनी केली म्हणून ग्रंथालय बंद राहण्याचा कालावधी कमी होत नाही.

५. मुळांचा प्रश्न : २००१ ची पहिली दुरुस्ती

पुनर्रचना कठीण का ठरते, हे समजण्यासाठी आधी मुळांचा प्रश्न पाहिला पाहिजे. गाभा सी भाषेत असल्यामुळे सी फलनांच्या स्थानिक चलांतही लिस्प वस्तूंचे पत्ते असतात. संकलकाला ते ठाऊक नसतील तर वापरात असलेली वस्तूही तो कचरा समजून मोकळी करील.

आरंभीच्या आवृत्त्यांत प्रत्येक सी फलनाने आपल्या अशा चलांची नोंद 'जीसीप्रो' नावाच्या मॅक्रोद्वारे करावयाची असे. नोंद राहिली तर दोष तत्काळ दिसत नसे. तो कधीतरी, भलत्याच ठिकाणी, संपादक कोसळण्याच्या रूपाने प्रकट होई. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २१.१ या आवृत्तीच्या काळात गेर्ड म्यॉलमान हे ईमॅक्सचे प्रमुख पालक होते. त्यांनी वेगळा उपाय योजला. सी च्या संपूर्ण थप्पीवरील, अर्थात स्टॅकवरील, प्रत्येक शब्द संकलक तपासतो. तो आकडा एखाद्या लिस्प वस्तूचा पत्ता असू शकतो का, हे स्मृतिखंडांच्या संतुलित वृक्षात शोधतो. असू शकत असेल तर ती वस्तू जिवंत मानतो.

या पद्धतीस 'कन्झर्वेटिव्ह', म्हणजे सावध पद्धत म्हणतात. एखाद्या कागदावर नुसता '४५२१' असा आकडा आढळला तर तो ग्रंथाचा दाखलक्रमांक आहे की कोणाच्या खोलीचा, हे कळण्यास मार्ग नसतो. शंका असेल तर तो दाखलक्रमांक मानून तो ग्रंथ निर्लेखनातून वगळावा, असा हा न्याय आहे. यात क्वचित एखादी निरुपयोगी वस्तू राहून जाते. परंतु उपयोगी वस्तू कधीही नष्ट होत नाही. या उपायामुळे जीसीप्रो मॅक्रो अनावश्यक ठरले आणि २०१६ मधील २५.१ आवृत्तीपर्यंत ते मूलसंकेतातून काढून टाकण्यात आले.

सावध पद्धतीची एक किंमत मात्र आहे. जो आकडा पत्ता आहे की नाही हे निश्चित ठाऊक नाही, तो आकडा बदलता येत नाही. सबब ज्या वस्तूकडे असा संशयास्पद आकडा निर्देश करतो ती वस्तू जागेवरून हलविताही येत नाही. वस्तू हलविणे हाच तर आधुनिक संकलनाचा कणा आहे.

६. २०२४ ची पुनर्रचना

२०२४ मध्ये म्यॉलमान यांनीच ईमॅक्सच्या विकासशाखेत नव्या संकलकाचे काम सुरू केले. हेल्मुट एलर, पिप सेट आदी विकासकांनी त्यात भर घातली. या कामास 'आयजीसी' असे संक्षिप्त नाव मिळाले. संकलक अगदी मुळापासून न लिहिता त्यांनी 'मेमरी पूल सिस्टम' ही तयार ग्रंथिका निवडली. ती १९९० च्या दशकात केंब्रिज येथील हार्लेक्विन या कंपनीत आकारास आली व पुढे रेवनब्रुक यांनी तिचे जतन केले. या रचनेची तीन प्रमुख तत्त्वे आहेत.

(अ) पिढ्यांनुसार संकलन : अनुभव असा आहे की बहुतेक वस्तू अल्पायुषी असतात आणि ज्या काही काळ टिकतात त्या बहुधा दीर्घकाळ टिकतात. वाचनकक्षातील वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. शब्दकोश मात्र तीस वर्षे त्याच कपाटात असतो. म्हणून वर्तमानपत्रांची छाननी रोज आणि शब्दकोशांची क्वचित करणे शहाणपणाचे. नव्या वस्तूंची पिढी वेगळी ठेवून तिचेच वारंवार संकलन केले तर वर काढलेले एकास दहाचे प्रमाण राहत नाही.

(आ) टप्प्याटप्प्याने संकलन : संकलन एकाच दमात न करता लहान लहान भागांत करावे. डाइक्स्ट्रा प्रभृतींनी यासाठी तीन रंगांची कल्पना वापरली. अद्याप न पाहिलेली वस्तू पांढरी. पाहिलेली, पण जिचे कप्पे तपासावयाचे आहेत ती करडी. पूर्ण तपासलेली ती काळी. करडी वस्तू उरली नाही की जी पांढरी राहिली ती कचरा. धोका असा की, दोन टप्प्यांच्या मध्ये आज्ञावली एखाद्या काळ्या वस्तूत पांढऱ्या वस्तूचा पत्ता लिहून ठेवील आणि संकलकाला ते कळणार नाही. हे टाळण्यासाठी एक पहारा लागतो, त्यास बॅरिअर म्हणतात. मेमरी पूल सिस्टम हा पहारा यंत्राच्या साहाय्याने बसविते. अद्याप न तपासलेली पृष्ठे कार्यकारी प्रणालीकडून संरक्षित करवून घेतली जातात. आज्ञावलीने त्यांना स्पर्श करताच व्यत्यय निर्माण होतो, संकलक तेवढे पृष्ठ तपासून मोकळे करतो व काम पुढे चालते. १९८८ मध्ये अ‍ॅपल, एलिस व ली या संशोधकांनी मांडलेल्या तंत्राशी या योजनेचे जवळचे नाते आहे. तिचा लाभ असा की, सी भाषेतील हजारो ओळींत प्रत्येक लेखनाच्या ठिकाणी पहाऱ्याची आज्ञा घालावी लागत नाही.

(इ) बव्हंशी हलविणारे संकलन : जिवंत वस्तू उचलून एकत्र ठेवल्या की मागे राहिलेली सगळी जागा एकदम मोकळी होते, झाडलोटीची गरज राहत नाही. थप्पीवरील संशयास्पद आकडे ज्या वस्तूंकडे निर्देश करतात त्या तेवढ्या जागीच खिळवून ठेवायच्या आणि उरलेल्या हलवायच्या, ही बार्टलेट यांची कल्पना येथे उपयोगी पडते.

७. मार्गातील अडचणी

तत्त्वे दशकांपूर्वीची, ग्रंथिका तयार. मग अडचण कोठे? अडचण अशी की, 'वस्तू हलत नाही' हे गृहीत चाळीस वर्षांच्या मूलसंकेतात ठिकठिकाणी मुरलेले आहे. त्याची काही उदाहरणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिले उदाहरण हॅश तक्त्यांचे. 'तीच वस्तू' या निकषावर चालणारा तक्ता वस्तूच्या पत्त्यावरूनच तिची जागा ठरवीत असे. वस्तू हलली की पत्ता बदलतो आणि तक्त्यातील नोंद सापडेनाशी होते. म्हणून वस्तूबरोबर चालणारी, न बदलणारी ओळख वेगळी जतन करावी लागते.

दुसरे, सी भाषेतील रचना. खिडक्या, चौकटी, पडद्यावरील अक्षराकृतींची कोष्टके अशा अनेक ठिकाणी लिस्प वस्तूंचे पत्ते ठेवलेले असतात. निरनिराळ्या कार्यकारी प्रणालींच्या चित्रमय साधनांकडेही असे पत्ते सोपविलेले असतात. यांपैकी प्रत्येक ठिकाण शोधून मूळ म्हणून नोंदवावे लागते. एक जरी निसटले तरी २००१ पूर्वीचा दोष नव्या रूपात परत येतो.

तिसरे, साठविलेली प्रतिमा. ईमॅक्स सुरू होताना हजारो वस्तू आधीच तयार केलेल्या फाइलमधून स्मृतीत येतात. २०२० मधील २७.१ आवृत्तीपासून ही व्यवस्था नव्याने बांधली गेली. तसेच २०२२ मधील २८.१ आवृत्तीपासून लिस्पचे यंत्रसंकेतात थेट भाषांतर होऊ लागले. या दोहोंतील वस्तू संकलकाच्या नेहमीच्या क्षेत्राबाहेर असतात.

चौथे, संकेत अर्थात सिग्नल. कार्यकारी प्रणालीचा संकेत कोणत्याही क्षणी येऊ शकतो. तो हाताळणाऱ्या फलनाने संरक्षित पृष्ठास स्पर्श केला आणि नेमके तेव्हा संकलकाने स्वतःचे कुलूप लावलेले असले तर दोघेही परस्परांची वाट पाहत थांबतील. हा विषय विकासकांच्या दीर्घ चर्चेचा ठरला, यात नवल नाही.

या अडचणींमुळे नवी रचना मुख्य शाखेपासून वेगळी ठेवून पारखण्याचे धोरण स्वीकारले गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३०.१ आवृत्तीत प्रचलित संकलकच कायम होता. हे धोरण योग्यच म्हटले पाहिजे. संपादकात लोकांचे लेखन असते. अर्धवट पारखलेल्या संकलकाने ते नष्ट केले तर वाचविलेल्या विलंबाला काहीच अर्थ उरत नाही.

८. मुंबईतील संशोधन : पोहोच आणि उपयुक्तता

आतापर्यंतच्या सर्व पद्धतींत एक गृहीत समान आहे. जेथे पोहोचता येते ते उपयोगी आणि जेथे पोहोचता येत नाही तो कचरा, असे त्या मानतात. परंतु पोहोच आणि उपयुक्तता या एकच गोष्टी नव्हेत. कपाटात जे पुस्तक आहे आणि यादीतही आहे ते पुढे कोणी वाचणारच आहे असे नाही.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संगणकशास्त्र विभागात नेमक्या या फरकावर काम झाले आहे. उदय खेडकर, अमिताभ सन्याल व अमेय करकरे यांचा याविषयीचा शोधनिबंध २००७ मध्ये 'एसीएम ट्रान्झॅक्शन्स ऑन प्रोग्रामिंग लँग्वेजेस अँड सिस्टम्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. यांपैकी खेडकर यांनी १९९४ ते २००१ या काळात पुणे विद्यापीठात संगणकशास्त्राचे अध्यापन केले होते, ही आपल्या परिसरातील अध्यापकांच्या दृष्टीने नोंद घेण्याजोगी बाब होय. आज्ञावली चालविण्यापूर्वीच तिचे विश्लेषण करून, कोणत्या बिंदूनंतर कोणता संदर्भ पुन्हा वापरला जाणार नाही हे ठरवावे आणि तेथे तो संदर्भ रिकामा करणारी आज्ञा घालावी, म्हणजे नेहमीच्याच संकलकाला अधिक कचरा सापडेल, असा त्या शोधनिबंधाचा गाभा आहे.

पुढे २०१४ मध्ये राहुल असाटी, सन्याल, करकरे व केंब्रिजचे अ‍ॅलन मायक्रॉफ्ट यांनी हाच विचार लिस्पच्या कुळातील फलनप्रधान भाषेस लावला. तेथे विश्लेषणाचे फलित स्वतः संकलकाच्याच हाती दिले जाते. कोणत्या चलापासून कोणत्या वाटेने पुढे जावयाचे हे सांगणारी स्वयंचलित यंत्रे, अर्थात ऑटोमाटा, विश्लेषणातून तयार होतात आणि संकलक तेवढ्याच वाटा चालतो. २०१६ मध्ये प्रसन्न कुमार, सन्याल व करकरे यांनी हे काम आळशी मूल्यांकनाच्या भाषांपर्यंत नेले.

एका साध्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, आज्ञावलीत हजार विद्यार्थ्यांच्या नोंदींची यादी आहे आणि येथून पुढे केवळ तिची लांबी मोजावयाची आहे. लांबी मोजण्यासाठी प्रत्येक कॉन्सचा दुसरा कप्पा पुरतो. पहिल्या कप्प्यातील नोंद उघडून पाहण्याची गरज नाही. पोहोचीच्या निकषावर हजारही नोंदी जिवंत ठरतात. उपयुक्ततेच्या निकषावर त्या सर्व कचरा आहेत. जिवंत आहे तो केवळ साखळीचा कणा.

हे तंत्र ईमॅक्सला जसेच्या तसे लावता येईल काय? माझ्या मते नाही, आणि त्याची कारणे बोधप्रद आहेत. मुंबईच्या अभ्यासातील भाषा शुद्ध फलनात्मक आहे. ईमॅक्स लिस्पमध्ये कॉन्सचे कप्पे केव्हाही बदलता येतात. चलांचे व्याप्तीनिष्ठ बंधन ईमॅक्समध्ये २०१२ मधील २४.१ आवृत्तीपासून उपलब्ध झाले. त्यापूर्वीचे गतिशील बंधन अजूनही वापरता येते. चालू आज्ञावलीतील फलन मध्येच बदलता येते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वापरकर्ता कोणत्याही क्षणी कोणतीही लिस्प राशी लिहून तिचे मूल्य विचारू शकतो. ज्या संपादकाला पुढचा प्रश्न कोणता येईल हे ठाऊक नाही, त्याने एकही जागतिक चल निरुपयोगी मानता कामा नये. म्हणून उपयुक्ततेचे विश्लेषण येथे फार तर फलनांच्या स्थानिक चलांपुरते संभवते. ईमॅक्सचे मोकळेपण हेच त्याच्या संकलनाची मर्यादा ठरते.

९. अध्यापनातील उपयोग

हा विषय प्रत्यक्ष दाखविण्यासाठी वेगळ्या साधनांची गरज नाही. ईमॅक्समध्ये 'गार्बेज-कलेक्शन-मेसेजेस' हे चल सत्य केले की प्रत्येक संकलनाची सूचना पडद्याच्या तळाशी दिसते. 'जीसीएस-डन' हे चल आतापर्यंतच्या संकलनांची संख्या आणि 'जीसी-इलॅप्स्ड' हे चल त्यांत गेलेला एकूण वेळ सांगते. दुसऱ्यास पहिल्याने भागले की सरासरी विलंब मिळतो. एकच मोठी मराठी फाइल आधी मूळ मर्यादेने आणि नंतर दसपट मर्यादेने उघडून दोन्ही सरासरींची तुलना विद्यार्थ्यांनी करावी. प्रयोगशाळेतील जुन्या व नव्या यंत्रांवरील फरकही त्यांना मोजता येईल. २८.१ आवृत्तीपासून 'मेमरी-रिपोर्ट' ही आज्ञा स्मृती कोठे खर्च झाली याचे विवरण देते. एका तासिकेत होणारा हा प्रयोग 'आपोआप' या शब्दाचा पडदा दूर करण्यास पुरेसा आहे.

१०. निष्कर्ष

(१) ईमॅक्समधील प्रचलित संकलक १९६० च्या तत्त्वावर आधारित असून वापरातील वस्तूंची संख्या वाढेल तसा प्रत्येक संकलनाचा विलंब वाढतो.
(२) मर्यादा वाढविल्याने संकलनांची संख्या घटते. एका संकलनाचा विलंब घटत नाही. त्यासाठी रचनाच बदलणे आवश्यक आहे.
(३) पुनर्रचनेतील मुख्य अडचण नव्या तत्त्वांची नसून जुन्या मूलसंकेतात मुरलेल्या गृहीतांची आहे.
(४) पोहोच हा उपयुक्ततेचा केवळ अंदाज आहे. मुंबईतील संशोधनाने तो अंदाज अधिक अचूक करता येतो हे दाखविले. मात्र खुल्या, परिवर्तनशील प्रणालीत त्याची व्याप्ती मर्यादित राहते.

समारोप

कचरा म्हणजे काय, याचे पूर्ण उत्तर संगणक देऊ शकत नाही; कारण एखादी वस्तू पुढे लागेल की नाही हे प्रत्येक आज्ञावलीच्या बाबतीत आधी सांगणारी रीतच अस्तित्वात नाही. म्हणून सर्व पद्धती चुकावयाचे झाल्यास एकाच बाजूला चुकतात. निरुपयोगी वस्तू राहिली तर जागा जाते. उपयोगी वस्तू गेली तर विश्वास जातो. २००१ मधील सावध पद्धत, २०२४ मधील खिळवून ठेवलेल्या वस्तू आणि मुंबईतील विश्लेषण या तिन्हींत हाच विवेक दिसतो.

आपल्या शैक्षणिक व्यवहारात नव्या निर्मितीला जो मान मिळतो तो जुन्याच्या दुरुस्तीला सहसा मिळत नाही. चाळीस वर्षे चालत आलेल्या प्रणालीचा गाभा, ती चालू ठेवून, बदलण्याचे काम मूळ संशोधनाइतकेच विद्वत्तेची व धैर्याची कसोटी पाहणारे आहे. आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांतून संगणकशास्त्राचे जे विद्यार्थी बाहेर पडतात त्यांपैकी बहुसंख्यांच्या वाट्याला नवी प्रणाली रचण्याचे नव्हे, तर दुसऱ्याने रचलेली सांभाळण्याचेच काम येणार आहे. त्या कामाची प्रतिष्ठा त्यांना वर्गातच समजली, तर या विषयाच्या अध्यापनाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.